मुलांच्या रक्ताचे आजार, पीएची नोकरी आणि पीए शिकवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत पीए (फिजिशियन असिस्टंट) आहे, मुलांच्या हेमॅटॉलॉजी (रक्ताच्या आजारांच्या) क्लिनिकमध्ये पेशंट बघते आणि उरलेला आठवडा पीए प्रोग्रॅममध्ये शिकवते. मेसेजमध्ये जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केलेत. काही करिअरचे आहेत, काही आईबापांचे. आधी वाटलं दोन वेगळी पानं करावीत, पण नाही केली, कारण ज्याला ही नोकरी करायचीये त्याने आईबापांचे प्रश्न वाचलेच पाहिजेत, नोकरी म्हणजे मुख्यतः तेच आहे.

१. पीए म्हणजे नक्की कोण? डॉक्टर, नर्स का कंपाउंडर?

तिन्ही नाही. (कंपाउंडर हा प्रश्न बहुतेक वेळा आत्या-मावश्यांकडून येतो, राग नाही.) पीए पेशंट तपासतो, टेस्ट लिहितो, निदान करतो, औषध देतो, आणि हे सगळं डॉक्टरांच्या टीममध्ये राहून करतो. सुरुवात १९६५ ला ड्यूक युनिव्हर्सिटीत झाली, डॉ. यूजीन स्टेड यांनी नेव्हीत मेडिकलचं काम केलेली चार माणसं घेऊन पहिली बॅच काढली आणि ६ ऑक्टोबर १९६७ ला त्यातले तिघे पास होऊन बाहेर पडले. नाव आधी फिजिशियन असिस्टंट होतं, २०२१ मध्ये राष्ट्रीय संघटनेने फिजिशियन असोसिएट करायचं ठरवलं, २०२४ मध्ये ओरेगन राज्याने कायद्यात बदललं, पण बहुतेक राज्यांच्या लायसन्सवर अजून जुनंच नाव आहे.

नर्स प्रॅक्टिशनरशी आमची गल्लत होते. क्लिनिकमध्ये काम जवळपास सारखंच दिसतं, पण त्या नर्सिंगमधून येतात आणि शिकतानाच मुलं, मोठी माणसं वगैरे गट ठरवून घेतात. पीएचं शिक्षण सगळ्या वयांचं, सगळ्या विषयांचं असतं, त्यामुळे आज हाडांच्या सर्जनबरोबर काम करणारा पीए उद्या हेमॅटॉलॉजीत येऊ शकतो. हा फायदाही आहे आणि डोकेदुखीही, का ते प्रश्न ६ मध्ये.

२. औषधावर सही डॉक्टरचीच लागते ना?

नाही. पन्नासही राज्यांत पीए औषध लिहू शकतो, शेवटचं राज्य इंडियाना होतं, तिथे २००७ ला परवानगी आली. मॉर्फिनसारख्या कंट्रोल्ड औषधांचे नियम मात्र राज्याप्रमाणे बदलतात, आणि आमच्या फील्डमध्ये हे महत्त्वाचं आहे कारण सिकल सेलच्या (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा, फार दुखणारा आनुवंशिक आजार) मुलांना तीच औषधं लागतात. नोकरी घेताना पगाराच्या आधी हे विचारा.

३. पीए व्हायला किती वर्षं लागतात, काय काय करावं लागतं?

आधी चार वर्षांची कुठलीही बॅचलर्स, त्यात बायो, केमिस्ट्री, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी हे विषय झालेले हवेत. शिवाय पेशंटबरोबर प्रत्यक्ष कामाचे तास, कुठे काही शे मागतात कुठे हजार-दोन हजार. मग कॅस्पा नावाच्या पोर्टलवरून अर्ज, आणि साधारण सव्वादोन वर्षांचं मास्टर्स. पहिलं वर्ष वर्गात, नंतरचं हॉस्पिटलांत रोटेशन्स: फॅमिली मेडिसिन, सर्जरी, इमर्जन्सी, मुलांचं, बायकांचं, मानसिक आरोग्य वगैरे. शेवटी पॅन्स नावाची ३०० प्रश्नांची परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. नंतरही सुटका नाही, दर दोन वर्षांनी १०० क्रेडिटचं शिक्षण दाखवावं लागतं आणि दहा वर्षांच्या चक्रात परत परीक्षा.

४. मी इंडियातून एमबीबीएस (किंवा बीएएमएस, बीएचएमएस) आहे, डायरेक्ट पॅन्स देता येईल का?

नाही. आणि हो, मला माहितीये कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर "होतं" असं सांगितलंय. पॅन्सला बसायला मान्यताप्राप्त अमेरिकन पीए प्रोग्रॅम पूर्ण केलेलाच हवा, दुसरी वाट नाही. तुमची डिग्री अर्जात उपयोगी पडते, मार्कशीटचं इव्हॅल्युएशन करून घ्यावं लागतं, आणि बरेच प्रोग्रॅम तरीही काही विषय अमेरिकेतच परत करायला लावतात. एमबीबीएसवाल्यांना माझा सल्ला असा की आधी रेसिडेन्सीचा (अमेरिकेत डॉक्टर म्हणून काम करायला लागणारं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग) विचार मनापासून पूर्ण करा, मग इकडे या. "ते जमलं नाही म्हणून हे" अशा मनाने आलेला माणूस वर्गात लगेच ओळखू येतो आणि दोन वर्षं स्वतःलाच त्रास करून घेतो. उलट ठरवून आलेले डॉक्टर फार चांगले पीए होतात, हेही बघितलंय.

५. मग भारतातच पीएचा कोर्स करून अमेरिकेत आलं तर?

भारतात पीए कोर्स आहेत, पहिला १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, आणि २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात या पेशाचा समावेशही झालाय. पण त्या डिग्रीवर अमेरिकेत लायसन्स मिळत नाही, उत्तर ४ मध्ये आहे तेच.

व्हिसाबद्दल एकच गोष्ट, कारण बाकीचे नियम सारखे बदलतात आणि मी वकील नाही: पीए हा त्या मोजक्या पेशांपैकी आहे ज्यांना कामाच्या व्हिसासाठी व्हिसास्क्रीन नावाचं वेगळं सर्टिफिकेट लागतं. अमेरिकेत शिकलेल्यालाही. लोक हे विसरतात आणि मग ऐनवेळी धावपळ.

६. पीए स्कूलमध्ये हेमॅटॉलॉजी किती शिकवतात? तेवढ्यावर लहान मुलांचे रक्ताचे आजार बघता येतात?

खरं सांगू? नाही. पॅन्समध्ये रक्ताच्या विषयाचा वाटा साधारण ५ टक्के, आणि शाळा परीक्षेकडे बघून वेळ वाटतात, म्हणजे काही आठवड्यांचं एक मॉड्यूल, त्यात ॲनिमिया, गुठळ्या, रक्तस्राव, ल्युकेमिया, लिम्फोमा सगळं कोंबलेलं, आणि त्यात मुलांच्या वाट्याला किती येतं ते तुम्हीच समजा. त्यामुळे हे फील्ड नोकरीत शिकायचं असतं. पहिलं वर्ष जड जातं. नवीन पीएला निदान पहिले काही महिने स्वतंत्र पेशंट न देता बरोबर बसवणारं क्लिनिक शोधा, काही मोठ्या हॉस्पिटलांत पीए आणि नर्स प्रॅक्टिशनरसाठी फेलोशिप असते, पगार कमी पण मिळाली तर घ्या. मुलाखतीत "ट्रेनिंग कोण देणार" असं विचारल्यावर समोरचा गडबडला तर ती नोकरी सोडा, माझं स्पष्ट मत आहे.

७. मुलांच्या रक्ताचे आजार म्हणजे कॅन्सरच ना? रोज रडू येत असेल.

बऱ्याच हॉस्पिटलांत डिपार्टमेंट एकच असतं म्हणून हा समज. मी कॅन्सर बघत नाही. माझ्याकडे सिकल सेल, थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार), हिमोफिलिया (रक्त लवकर न थांबण्याचा आजार), कमी प्लेटलेट, कमी पांढऱ्या पेशी, गुठळ्या, आणि आयर्नची कमतरता, आयर्नची कमतरता, आणि पुन्हा आयर्नची कमतरता.

रडू क्वचित येतं. ही मुलं वर्षानुवर्षं येतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या रिपोर्टवरून दोन महिन्यांचं बाळ येतं आणि तेच पुढे गाडी चालवायला शिकल्याचं सांगायला येतं. शिकणारे डॉक्टर येतात-जातात, रेसिडेंट दर महिन्याला बदलतात, फेलो तीन वर्षांनी जातात, पीए तिथेच असतो. त्यामुळे कुठल्या मुलाची शीर डाव्या हातालाच मिळते आणि कुठल्या घरात औषध आजी देते हे आम्हाला माहीत असतं. औषध आजी देत असेल तर समजवायचं आजीला, आईला सांगून काही होत नाही.

८. शिकवण्यात कसं जायचं? पगार कमी होतो का?

बहुतेक जण आधी क्लिनिकमध्ये विद्यार्थी घेतात, म्हणजे प्रिसेप्टर होतात, मग प्रोग्रॅम एखादं लेक्चर देतो, मग अर्धवेळ, मग पूर्ण. पीएचडी लागतेच असं नाही, मास्टर्सवर असिस्टंट प्रोफेसर होता येतं, वर चढायला आता डॉक्टरेट मागू लागलेत. पगाराचं म्हणाल तर पीएंचा मध्यम पगार सरकारी आकड्याप्रमाणे मे २०२३ मध्ये वर्षाला १,३०,०२० डॉलर होता, पूर्ण वेळ शिकवणाऱ्याला बहुतेक ठिकाणी क्लिनिकवाल्यापेक्षा कमी मिळतो. वर कमिट्या, ॲडमिशनच्या मुलाखती, ॲक्रेडिटेशनचे (प्रोग्रॅमच्या मान्यतेचे) रिपोर्ट. ॲक्रेडिटेशनवर बोलायला लावू नका.

मी क्लिनिक सोडलं नाही आणि तुम्हीही सोडू नका. व्हॉक्सेलोटर हे सिकलचं औषध २०१९ मध्ये आलं, आम्ही ते शिकवलं, परीक्षेत विचारलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने ते बाजारातून काढून घेतलं. ज्यांची मुलं ते घेत होती त्यांचे फोन आम्हाला लगेच सुरू झाले. नुसतं वर्गात असते तर स्लाइड पुढच्या वर्षी बदलली असती.

९. सिकलच्या मुलाला ताप आला तर लगेच इमर्जन्सीत का पळवता? क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू नये का?

नाही. हे उत्तर नीट वाचा.

सिकलमध्ये प्लीहा, म्हणजे स्प्लीन, पहिल्या काही महिन्यांतच निकामी व्हायला लागते, आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंना रक्तातून गाळून काढणारं ते अवयव. ते नसलं की साधा वाटणारा ताप काही तासांत रक्तातलं इन्फेक्शन होऊन जीव घेऊ शकतो, मूल दुपारी खेळत असतं तरी. म्हणून ३८.५ सेल्सिअस म्हणजे १०१.३ फॅरनहाइटला, तुमच्या क्लिनिकने त्याहून कमी आकडा दिला असेल तर त्या आकड्याला, निघायचं. रक्त तपासणी, कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणं), आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक. ताप उतरवून घरी थांबणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार.

याच कारणासाठी लहानपणापासून पाच वर्षांपर्यंत रोज दोनदा पेनिसिलिन देतो. १९८६ च्या प्रसिद्ध ट्रायलमध्ये पेनिसिलिन घेणाऱ्या मुलांत अशी इन्फेक्शन्स ८४ टक्क्यांनी कमी झाली आणि ती ट्रायल ठरल्यापेक्षा लवकर थांबवली. न्यूबॉर्न स्क्रीनिंग (जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन होणारी तपासणी) करायचं ते यासाठीच, अमेरिकेत २००६ पासून सगळ्या राज्यांत आहे. जे मूल भारतातून आलंय त्याचं ते झालेलं नसू शकतं, हे आईबापांच्या लक्षात येत नाही आणि पुष्कळदा इथल्या डॉक्टरांच्याही नाही.

आणखी एक, पोटाच्या डाव्या बाजूला हात लावून स्प्लीन किती मोठी आहे ते बघायला आम्ही आयांना शिकवतो. लहान मुलात अचानक रक्त तिथे साठून हिमोग्लोबिन धाडकन खाली येऊ शकतं आणि ते आधी आईच्या हाताला कळतं. माझे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हे आयांकडूनच शिकतात. मी मागे उभी राहते, मला ते फार आवडतं.

१०. विद्यार्थ्यांना तुम्ही सगळ्यात आधी काय शिकवता?

रेटिक काउंट, म्हणजे नव्या लाल पेशींचा आकडा, मागवायला. हिमोग्लोबिन कमी आहे हे कुणीही सांगेल, पण हाडातला मगज नवीन पेशी बनवतोय का नाही हे रेटिकवरून कळतं. सिकलच्या मुलाचं हिमोग्लोबिन पडलंय आणि रेटिकही पडलंय तर पार्व्होव्हायरसचा (मगजाचं काम काही दिवस थांबवणारा व्हायरस) विचार करा, रेटिक वर आहे आणि पोट डावीकडे टम्म आहे तर स्प्लीन.

दुसरं, वयात येणाऱ्या सिकलच्या मुलाला आईला बाहेर पाठवून विचारायचं की लिंग ताठ राहून दुखतं का. चार तासांच्या वर गेलं तर इमर्जन्सी असते आणि मुलं लाजेपायी सांगत नाहीत. विद्यार्थी स्वतःच लाजतात, म्हणून मी वर्गात सगळ्यांकडून तो प्रश्न मोठ्याने म्हणून घेते. हसतात, मग जमतं.

११. दुखतंय म्हणतो पण मोबाईल बघत असतो. नाटक नाही ना?

आजोबांपासून इमर्जन्सीतल्या स्टाफपर्यंत सगळे हे विचारतात. सिकलचं दुखणं मोजायची कुठलीही रक्ताची टेस्ट नाही, हिमोग्लोबिन नेहमीचंच असतं, एक्सरे नॉर्मल असतो, आणि तरी दुखणं भयंकर असतं. ज्या मुलाला वर्षानुवर्षं दुखतंय तो किंचाळत नाही, तो मोबाईल बघतो, लक्ष दुसरीकडे नेतो, ते आम्हीच शिकवलेलं असतं. गाइडलाइनप्रमाणे इमर्जन्सीत आल्यापासून तासाभरात औषध मिळायला हवं. अमेरिकेत यात रंगाचाही मामला आहे, बहुतेक पेशंट कृष्णवर्णीय, त्यांच्यावर "औषधाच्या नादाला लागलाय" असा संशय पटकन घेतला जातो, आणि हे मी लेक्चरमध्ये झाकून ठेवत नाही. अगदी लहान बाळात पहिलं लक्षण म्हणजे हातापायाचे पंजे सुजणं, लोक चावलं-बिवलं असेल समजतात.

१२. सिकल आफ्रिकन लोकांचा आजार आहे ना, आपल्यात नसतो?

असतो. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला आणि महाराष्ट्रात विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरकडे, तसंच नंदुरबारकडे भरपूर आहे, आदिवासींत आणि इतर समाजांतही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. भारतातल्या प्रकारात बाळाचं हिमोग्लोबिन (गर्भात असताना बनतं ते) जास्त टिकतं म्हणून आजार सौम्य असतो असं पुस्तकात असतं, पण विदर्भात तीव्र आजाराची मुलंही खूप आहेत, पुस्तकावर विसंबू नका. अमेरिकेत "इंडियन आहे म्हणजे थॅलेसेमिया" असं गृहीत धरलं जातं. नागपूरकडचे असाल तर स्वतःहून सांगा.

१३. मुलगी दिवसभर दूध पिते, तरी आयर्न कमी कसं?

दुधामुळेच. गाईच्या दुधात आयर्न नगण्य, पोट भरतं म्हणून जेवण कमी, आणि काही मुलांत आतड्यातून थोडं थोडं रक्त जातं. वर्षाच्या आत गाईचं दूध पेय म्हणून नको, नंतर दिवसाला ७०० मिलीच्या वर नको, त्याहून कमीच बरं. बाटली बंद करा. हो, आजी रागावतील.

आयर्नचं औषध दुधाबरोबर देऊ नका, दिवसातून एकदा दिलं तरी चालतं, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल झालं की लगेच थांबवू नका, साठा भरायला अजून दोन-तीन महिने लागतात. गूळ, बीट, खजूर खाऊ द्या की, पण ३ वर्षांच्या मुलाचं ६ चं हिमोग्लोबिन बिटाने वर येत नाही.

१४. थॅलेसेमिया मायनर आहे, मग आयर्न द्यायचं का नाही?

मायनरमध्ये (थॅलेसेमियाचं जीन एकाच पालकाकडून आलेलं) पेशी लहान असतात, आयर्नच्या कमतरतेतही लहान असतात, म्हणून बरीच मुलं वर्षानुवर्षं उगाच आयर्न पितात. ढोबळ युक्ती अशी की एमसीव्हीला (लाल पेशीचा सरासरी आकार) लाल पेशींच्या आकड्याने भागा, १३ च्या खाली आलं तर मायनरचा संशय. पण खात्री फेरिटिन (आयर्नचा साठा) आणि इलेक्ट्रोफोरेसिसने (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी टेस्ट). मायनर असून फेरिटिनही कमी असेल तर आयर्न द्यायचं, नसेल तर नाही.

इथे दोन फसव्या जागा आहेत. आयर्न खूप कमी असेल तर एटू हिमोग्लोबिन (जे मायनरमध्ये वाढलेलं दिसतं) खाली येतं आणि मायनर लपतं, म्हणून आयर्न भरून टेस्ट परत करावी. आणि न्यूबॉर्न स्क्रीनिंग नॉर्मल आलं म्हणजे बीटा मायनर नाही असं नाही, जन्माच्या वेळी ते भरवशाने दिसतच नाही. लग्नाआधी किंवा निदान मूल ठरवताना दोघांची टेस्ट करा, दोघंही मायनर असतील तर प्रत्येक बाळंतपणात मेजरची (दोघांकडूनही जीन आलेला तीव्र आजार) शक्यता २५ टक्के.

१५. प्लेटलेट १०,००० आहेत आणि डॉक्टर म्हणतात घरी जा. बरोबर आहे का?

बरोबर असू शकतं. व्हायरल ताप होऊन गेल्यावर धडधाकट मुलाच्या अंगावर लाल ठिपके, निळे डाग येतात, बाकीचे आकडे नॉर्मल, हे बहुतेक आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं तो आजार) असतं आणि बहुतेक मुलांचं काही महिन्यांत आपोआप जातं. २०१९ ची गाइडलाइन सांगते की रक्तस्राव नसेल किंवा अगदी किरकोळ असेल तर आकडा काहीही असो, नुसतं लक्ष ठेवा. घाबरायचं केव्हा: नाकातून-तोंडातून रक्त थांबत नाही, डोकं फार दुखतं, डोक्याला मार लागला. आयब्युप्रोफेन नको. पपईच्या पानांच्या रसाबद्दल रोज विचारतात, डेंग्यूसाठी लोक देतात तो. आयटीपीसाठी मी देत नाही.

१६. मुलीला पाळी खूप जाते पण आमच्या घरात सगळ्यांनाच असं होतं. मग नॉर्मलच ना?

सगळ्यांनाच होतं हेच तर लक्षण आहे. व्हॉन विलेब्रांड नावाचा रक्तस्रावाचा आजार घराण्यात चालतो आणि बायका पिढ्यान्पिढ्या सोसतात. सात दिवसांच्या वर पाळी, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गुठळ्या, दात काढल्यावर रक्त न थांबणं, यातलं काही असेल तर तपासा. मुलीची टेस्ट पॉझिटिव्ह आली की पुष्कळदा आईचीही येते, आणि मग मावशीचा फोन येतो.

१७. जीसिक्सपीडी आहे. काय टाळायचं? पावटा, वाल बंद?

जीसिक्सपीडी म्हणजे लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची कमतरता. पावटा-वाल नाही, ते वेगळं. टाळायचे ते फावा बीन्स, जे इथे फलाफलमध्ये वगैरे असू शकतात. आपल्या घरातला खरा धोका डांबरगोळ्यांचा. ट्रंकेतले कपडे, आजीने जपून ठेवलेली दुपटी बाळाला गुंडाळली की नॅफ्थलिनने लाल पेशी फुटू शकतात. काही अँटिबायोटिक आणि मलेरियाची औषधंही, यादी क्लिनिककडून घ्या आणि भारतात जाताना बरोबर ठेवा. मुख्यतः मुलग्यांत दिसतं, पारशी समाजात जास्त. एक अपवाद लक्षात ठेवा: लाल पेशी नुकत्याच फुटलेल्या असताना टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते, दोन-तीन महिन्यांनी परत करावी.

१८. जीन थेरपी आली ना, मग आता सिकल बरा होतो?

८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेत दोन थेरपींना मंजुरी मिळाली, कॅसजेव्ही आणि लिफजेनिया, १२ वर्षांपासून पुढे. किंमत अंदाजे २२ लाख आणि ३१ लाख डॉलर. मुलाच्याच स्टेम सेल काढून, बदलून परत देतात, पण मध्ये तगडी कीमो असते, आठवडेच्या आठवडे हॉस्पिटल, आणि पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो म्हणून त्याची आधी तजवीज करावी लागते. मेंदूला आधी झालेली इजा भरून येत नाही. काही मुलांना जणू नवीन आयुष्य मिळालंय, काही घरांनी सगळं ऐकून नको म्हटलंय आणि मला त्यांचंही पटतं. सख्ख्या भावंडाचं मॅच असेल तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा जुना रस्ता आहेच. बाकी सगळ्यांसाठी हायड्रॉक्सीयुरिया, जे ९ महिन्यांपासून द्यायची शिफारस २०१४ पासून आहे. "कीमोचं औषध" हे नाव ऐकून लोक घाबरतात, डोस कॅन्सरपेक्षा कमी असतो आणि दुखण्याचे झटके कमी होतात, फक्त रक्ताचे आकडे नियमित तपासावे लागतात.

१९. १८ झाल्यावर काय? तुमच्याकडेच येता येईल का?

बहुतेक ठिकाणी १८ ते २१ च्या दरम्यान मोठ्यांच्या क्लिनिकला जावं लागतं आणि सिकलमध्ये हाच काळ सगळ्यात वाईट, इन्शुरन्स बदलतो, नवीन डॉक्टर ओळखत नाहीत, मुलगा फोन करत नाही. म्हणून आम्ही १२-१३ पासूनच मुलाकडून वदवून घेतो: तुझा आजार कुठला, औषध किती मिलिग्रॅम, ॲलर्जी काय. आई उत्तर द्यायला लागली की आईला थांबवतो. मराठी आयांना हे फार जड जातं, बघवत नाही.

२०. रिपोर्ट मेसेजमध्ये पाठवू का? फक्त एकदा बघा.

नको. लायसन्स राज्यापुरतं असतं, मूल दुसऱ्या राज्यात किंवा पुण्यात असेल तर मी सल्ला देऊ शकत नाही, आणि नुसत्या कागदावरून द्यायची माझी इच्छाही नाही. मुलांचे नॉर्मल आकडे वयाप्रमाणे बदलतात, लॅबच्या कागदावर पुष्कळदा मोठ्यांचे छापलेले असतात, त्यामुळे लाल अक्षरात आलं म्हणून रात्र जागू नका, आपल्या पेडियाट्रिशियनला दाखवा. करिअरचे प्रश्न खुशाल पाठवा, फक्त आधी ३ ते ८ वाचा. आणि सिकलच्या मुलाला ताप असेल तर मला मेसेज टाइप करत बसू नका, ९ बघा आणि निघा.